वाइडबँडचा काटा खरं कधी बोलतो

कार्ब्युरेटरच्या काळातल्या मिस्त्रीला मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, तपासायला यंत्र लागत नसे. स्पार्क प्लग काढायचा आणि टोकाचा रंग बघायचा. काजळी धरून काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर कमी, तपकिरी असेल तर गाडी घरी न्या. द्वारकेपासून सातपूरपर्यंत नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात एवढ्यावर भागायचं, आणि साध्या गाडीला तेवढं पुरतही होतं.

टर्बो लावलेल्या, कॅम बदललेल्या किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नव्याने मॅप केलेल्या, म्हणजे त्यातला इंधनाचा तक्ता बदललेल्या, गाडीला ते पुरत नाही. प्लगचा रंग म्हणजे बऱ्याच वेळाची गोळाबेरीज. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोचा दाब पूर्ण असताना, साडेपाच हजार आरपीएमला दोन-तीन सेकंद पेट्रोल कमी पडलं तर प्लगला त्याचा पत्ताही लागत नाही, पिस्टनला मात्र लागतो. लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिक्स्चर, वाढलेलं तापमान, नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका), आणि मग पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. इंजिन खोलल्यावर सगळे म्हणतात, ‘आवाज तर छान येत होता.’ हे दोन-तीन सेकंद पकडायला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावतात.

सेन्सर विकत घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. पाइपातून जाणाऱ्या जळक्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय किंवा किती कमी पडलाय, तेवढंच तो बघतो. पेट्रोल किती होतं हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. सेन्सर कुठे लावायचा, वेल्डिंग कसं करायचं, विजेचा अर्थ (ग्राउंड) कुठून घ्यायचा, गेजवरचा आकडा कधी मानायचा आणि कधी नाही, या सगळ्याचं उत्तर या एका गोष्टीतून निघतं.

१४.७ आणि पंपावरचं ई२०

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे माप वजनाचं आहे, आकारमानाचं नाही. हवा आणि इंधन यांच्या या प्रमाणाला गॅरेजच्या भाषेत एएफआर म्हणतात. आकडा १४.७ च्या वर गेला की मिक्स्चर लीन, खाली आला की रिच. जास्तीत जास्त ताकद थोड्या रिच बाजूला मिळते. टर्बो नसलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला साडेबारा ते तेराच्या आसपास, टर्बो असेल तर साडेअकरा ते बारा. टर्बोमध्ये जादा पेट्रोल टाकतात ते ताकदीपेक्षा थंडाव्यासाठी. बाष्प होताना पेट्रोल उष्णता ओढून घेतं आणि नॉकिंग लांब राहतं.

आता गंमत बघा. १४.७ हा आकडा निव्वळ पेट्रोलचा. आपल्या पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला ९ किलो हवा पुरते. हिशेब केला तर ई२० चा ‘बरोबर’ आकडा येतो साधारण १३.५. आणि तरीही तुमचा गेज बरोबर मिक्स्चरला १४.७ च दाखवतो! कारण टाकीत काय आहे हे त्याला ठाऊकच नाही. ऑक्सिजन ना उरला, ना कमी पडला, एवढंच त्याला दिसतं, आणि त्या अवस्थेला १४.७ म्हणायचं असं कारखान्यात त्याला शिकवलेलं असतं.

म्हणून माझं सरळ मत आहे की गेज एएफआरवरून काढून लॅम्डावर ठेवा. प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं बरोबर प्रमाण, म्हणजे लॅम्डा. टाकीत काहीही असो, बरोबर मिक्स्चरला लॅम्डा १. पूर्ण थ्रॉटलला टर्बोशिवाय ०.८५ ते ०.९०, टर्बोसकट ०.७८ ते ०.८२. गेजवरचा १२.५ म्हणजे लॅम्डा ०.८५, आणि ११.८ म्हणजे ०.८०. दोन-चार दिवस अडखळायला होतं, मग सवय होते.

ई२० चा दुसरा परिणाम जास्त महागात पडणारा आहे. एखाद्या गाडीचा मॅप ई१० च्या काळात बांधला असेल तर त्या वेळचा बरोबर आकडा १४.१ च्या आसपास होता. तोच मॅप, तेच इंजेक्टर, तेवढंच इंधन, पण आता ई२०. मिक्स्चर जवळजवळ चार टक्क्यांनी लीन. रोजच्या हळू चालवण्यात ईसीयू आपल्या सेन्सरचं ऐकून हे भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो बहुतेकदा ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि नेमकी तिथेच चार टक्क्यांची चैन परवडत नाही. नाशिक जिल्ह्यात जुना मॅप टाकून फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. बाकी काही करायचं नसलं तरी निदान एकदा वाइडबँड लावून लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, काढावा.

कंपनीचा सेन्सर असताना हा कशाला?

१९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत बॉशचा लॅम्डा सेन्सर पहिल्यांदा आला, आणि आज इंजेक्शनवाल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत असा सेन्सर असतोच. सातपूरच्या बॉशमध्ये डिझेलचे नोझल-इंजेक्टर बनतात, त्यामुळे नाशिककराला हे नाव घरचंच वाटतं. या सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची चिनीमाती असते. ३०० अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पाइपातला वायू. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असेल तर व्होल्टेज तयार होतं. रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. अडचण अशी की मधे पायऱ्या नाहीत. लॅम्डा १ ला व्होल्टेज ०.४५ च्या आसपास एकदम उडी मारतं. रिच आहे की लीन एवढं कळतं, किती ते कळत नाही. हा नॅरोबँड.

वाइडबँडमध्ये त्याच चिनीमातीचे दोन कप्पे असतात. पहिला वर सांगितल्यासारखाच. दुसऱ्या कप्प्याला करंट दिला की तो ऑक्सिजन आत ओढतो किंवा बाहेर फेकतो. दोघांच्या मधे एक बारीक फट असते आणि त्या फटीत पाइपातला थोडासा वायू झिरपतो. कंट्रोलरचं काम एकच. फटीतलं मिक्स्चर कायम लॅम्डा १ वर, म्हणजे पहिला कप्पा कायम ०.४५ व्होल्टवर ठेवायचा. वायू लीन असेल तर जादा ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो, रिच असेल तर आत आणून जाळावं लागतं. त्यासाठी किती करंट द्यावा लागला, तोच आपला आकडा. पंचवटीच्या भाजीबाजारातली जुनी तागडी आठवा. वजनं नसतील तर कुठलं पारडं जड एवढंच दिसतं, तो नॅरोबँड. वजनं टाकत टाकत काटा मधे आणला आणि वजनं मोजली की वाइडबँड.

हे सगळं जमायला टोकाचं तापमान एकसारखं लागतं. बॉशच्या एलएसयू ४.९ या सेन्सरमध्ये ते साधारण ७८० अंश असतं आणि आतला हीटर ते राखतो. हा हीटर विसरू नका. पुढची बरीच दुखणी त्याचीच आहेत.

आता काही जणांचा खर्च वाचवणारी गोष्ट. आजच्या बहुतेक डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये कंपनीचा पुढचा सेन्सर वाइडबँडच असतो. अशा गाडीत फक्त हलकासा रिमॅप केला असेल तर वेगळा सेन्सर लावायच्या भानगडीत पडू नका. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) चांगला स्कॅनर लावा आणि लाइव्ह डेटात लॅम्डाचा आकडा बघा. वेगळा वाइडबँड हवा तो मुख्यतः जुन्या नॅरोबँड गाड्यांना, टर्बो किट लावलेल्यांना आणि ज्यांनी ईसीयूच बदललाय त्यांना. आणि तो लावताना कंपनीचा सेन्सर काढू नका. त्याला त्याचं काम करू द्या, नव्यासाठी नवी जागा करा.

जागा

अंबडच्या एका शेडमध्ये जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं काम चाललं होतं. टर्बो किटची गाडी, रॅम्पवर चढवलेली, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) अजून जागेवर. वेल्डर काकांनी खालून टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘पाइप काढायची काय गरज? खालनं भोक पाडतो, नट मारतो, दहा मिनिटांत मोकळे.’

‘काका, खालनं नको. पाणी साचंल त्याच्यात.’

‘सायलेन्सरमधी कुठलं पाणी?’

प्रश्न रास्त होता. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन गरम असलं की ते वाफेच्या रूपात निघून जातं. थंड पाइपात ते थेंब होऊन तळाशी बसतं. निफाडकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केली की टेलपाइपमधून टपटप गळतं ते हेच. सेन्सर खाली तोंड करून लावला तर तो या पाण्यात बसतो. ७८० अंशांना तापलेल्या चिनीमातीवर थंड थेंब पडला की ती तडकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात लावायचा; घड्याळात दहा ते दोन वाजण्याच्या दरम्यान, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर, म्हणजे टोकावरचं पाणी गळून जाईल. काकांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि बोल्टांना पाना लावला. डाउनपाइप खाली आला.

लांबीच्या दिशेने कुठे लावायचा? टर्बो नसलेल्या गाडीत चारही सिलिंडरचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे. एकाच पाइपात लावलात तर एकाच सिलिंडरची बातमी मिळेल. टर्बो असेल तर नेहमी टर्बोच्या नंतर, निदान दोन फूट पुढे. टर्बोच्या आधी दाब फार असतो, आणि दाब वाढला की हा सेन्सर अतिशयोक्ती करतो. रिचला जास्त रिच म्हणतो, लीनला जास्त लीन. शिवाय तिथली आच. एलएसयू ४.९ ला वायू ९३० अंशांपर्यंत सतत चालतो, त्याच्या वर फक्त थोडा वेळ. सेन्सरच्या षटकोनी भागाला ६०० अंशांची मर्यादा आहे आणि वायर बाहेर येते तिथल्या रबराला २५०. पूर्ण लोडवर लालबुंद होणाऱ्या जागेपाशी लावलेला सेन्सर आधी चुकीचं बोलतो, मग बोलायचाच थांबतो.

कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी हे तर ठरलेलंच. कॅटचं काम ऑक्सिजन वापरून उरलेला धूर जाळणं, तेव्हा कॅटनंतर मोजलं तर आडात नाही ते पोहऱ्यात शोधण्यासारखं होतं. फार मागेही नको. टेलपाइपजवळ लावला तर आयडलला बाहेरची हवा पाइपात उलटी शिरते आणि गेज लीन दाखवतो.

मला सर्वांत जास्त वेळ खाताना दिसलेली गोष्ट म्हणजे सेन्सरच्या आधीची गळती. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा एखाद्या फ्लॅंजमधून फटफट आवाज येत असेल तर लोक म्हणतात, धूर बाहेर जातोय, आत तर काही येत नाही. येतं. इंजिनातून वायू सलग येत नाही, ठोक्यांनी येतो, आणि दोन ठोक्यांमधे पाइपात क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तेवढ्यात गळतीतून ताजी हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणतो. ट्यूनर पेट्रोल वाढवतो, आणि गाडी आणखी रिच होत जाते. म्हणून वेल्डिंगच्या आधी जोड तपासा. थंड इंजिन सुरू करून टेलपाइपवर कोणाला तरी जाड फडकं धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे गॅस्केट.

वेल्डिंग

सेन्सर ज्या आट्यांच्या जाड नटात बसतो त्याला बंग म्हणतात. आटे एम१८, पिच १.५. पाइप माइल्ड स्टीलचा असेल तर बंगही त्याचाच, स्टेनलेसला स्टेनलेस. मिश्र जोड मारायचाच असेल तर आर्गॉन वेल्डिंगला ३०९ ची फिलर वायर. बंगाच्या मापाचं भोक होल सॉने पाडायचं, आतली कड हाफ-राउंड कानसने साफ करायची, आणि लोखंडाचा कीस पाइपात राहू द्यायचा नाही.

पाइप गाडीवर असतानाच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीयूचा सॉकेट काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्याच पाइपावर, टाक्याजवळच लावा. लांब कुठेतरी चेसिसला लावली तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून वाट काढतो.

वेल्डिंगच्या वेळी बंगात नवा सेन्सर कधीही नको. काहीच न ठेवता मारलं तरी बंग तापून किंचित वाकतो आणि आटे आवळतात. बंगात एम१८ चा बोल्ट किंवा जुना मेलेला सेन्सर फिरवून ठेवायचा, एका बाजूने पूर्ण न मारता समोरासमोर थोडं थोडं मारायचं आणि थंड होईपर्यंत बोल्ट तसाच राहू द्यायचा. काकांनी नेमकं तेच केलं. चार टाके, मग चार टाक्यांमधला भाग, मधे पाइप फिरवत. टाका निळसर-सोनेरी आला तेव्हा स्वतःच म्हणाले, ‘आता पाणी मारू नका, आपसूक थंड होऊ दे.’ नंतर एम१८ चा टॅप हातानेच फिरवून आटे साफ केले. टाक्याचा गोळा आतल्या बाजूला पाइपात उतरलेला नाही ना, हे बोट घालून तपासलं.

सेन्सर शेवटी बसवायचा, २२ च्या पान्याने, ४० ते ६० न्यूटन मीटरला. नव्या सेन्सरच्या आट्यांना उष्णतेत टिकणारं ग्रीस लावलेलंच असतं. नसेल तर आट्यांनाच थोडं लावा, टोकाला अजिबात नाही. टोकाजवळ कुठलाही क्लीनर स्प्रे नको. आणि गॅस्केटला वापरतात तो साधा सिलिकॉन सेन्सरच्या जवळपासही नको. त्याची वाफ चिनीमातीवर काचेसारखा थर धरते आणि सेन्सर मंदावतो. सेन्सरला चालणारा सिलिकॉन वेगळा मिळतो, ट्यूबवर तसं छापलेलं असतं.

वायर आणि ०.१ व्होल्टची किंमत

सेन्सरमधून पाच वायरी निघतात, सॉकेट सहा पिनांचा असतो. त्या सॉकेटच्या प्लास्टिकमध्येच एक बारीक रेझिस्टर दडलेला असतो, त्या एका सेन्सरच्या मोजमापाशी जुळवलेला. वायर आखूड पडली म्हणून सॉकेट कापून जोड मारणारे वायरमन हा रेझिस्टरच कचऱ्यात टाकतात. लांबी हवी असेल तर कंट्रोलरकडून एक्स्टेंशन लूम घ्या.

सप्लाय इग्निशन चालू झाल्यावर मिळणाऱ्या १२ व्होल्टवरून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्यायचा. कंपनीच्या सेन्सरच्या लाइनवरून काढू नका, कारण गरम होताना हीटर बराच करंट खातो. याहून चांगली पद्धत म्हणजे फ्युएल पंपाच्या लाइनवरून फक्त इशारा घेऊन वेगळी रिले चालवणं. पंप इंजिन सुरू असतानाच चालतो, म्हणजे हीटरही तेव्हाच. किल्ली ऑन ठेवून गाणी ऐकत बसलात तरी थंड, ओल्या पाइपात सेन्सर तापत बसणार नाही.

याचं दुसरं टोकही तितकंच वाईट. इंजिन चालू आणि सेन्सरला सप्लाय नाही, अशी गाडी फिरवू नका. थंड टोकावर काजळी आणि ऑइल बसतं आणि हीटर बंद असल्याने ते जळतही नाही. गेज दुरुस्तीला दिला आणि सेन्सर पाइपात तसाच ठेवला, असे सेन्सर महिन्याभरात बाद झालेले पाहिलेत.

आता अर्थ. कंट्रोलर ईसीयूला किंवा लॉगरला ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देतो. एका नेहमीच्या सेटिंगमध्ये ० व्होल्ट म्हणजे एएफआर ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९. एका व्होल्टला तीन एएफआर. आता हीटरचा अर्थ आणि सिग्नलचा अर्थ एकाच सैल बोल्टवर आवळले, आणि हीटरच्या करंटमुळे तिथे ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर ईसीयूला ०.३ एएफआर चुकीचं दिसतं. गेजवर १२.०, लॅपटॉपवर १२.३. दोन्ही आकडे पटण्यासारखे, म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. हीटरचा अर्थ इंजिन ब्लॉकला द्या, सिग्नलचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. मग इंजिन चालू ठेवून गेजचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील तर एकाही आकड्यावर ट्यूनिंग करू नका. कॅन बसने (व्होल्टेजऐवजी आकडे डिजिटल पाठवणाऱ्या वायरीने) जोडता येत असेल तर हा प्रश्नच उरत नाही, आणि जमत असेल तर मी तेच निवडेन.

काही कंट्रोलर सेन्सर बाहेर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावे लागतात. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, त्यावर ते आपला शून्यबिंदू लावतात. हे काम गॅरेजच्या आत, शेजारी दुसरी गाडी सुरू असताना करू नका.

काटा वाचताना

गाडी गरम झाली, ईसीयू आपल्या सेन्सरचं ऐकू लागला, की आयडलला लॅम्डा १ च्या आजूबाजूला हलतो. ०.९८, १.०२, पुन्हा ०.९९. हे हलणं बिघाड नाही, नॅरोबँडवर चालणारा ईसीयू मुद्दाम थोडा इकडे थोडा तिकडे जात असतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल बंद करतो, पाइपातून निव्वळ हवा जाते आणि गेज लीनच्या टोकाला चिकटतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. काळजीचं काही नाही. थ्रॉटल दाबला, बूस्ट आला, की आकडा ०.८० कडे उतरला पाहिजे आणि रेडलाइनपर्यंत तिथेच थांबला पाहिजे. सुरुवातीला ०.८० आणि वर जाताना हळूहळू ०.८५, ०.८८ होत असेल तर पाय काढा. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर वरच्या आरपीएमला पुरे पडत नाहीत.

वायूला सिलिंडरपासून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो, आयडलला जास्त, वरच्या आरपीएमला अगदी कमी. लॉगमध्ये लॅम्डाचा खड्डा दिसला तर कारण त्याच ओळीत शोधू नका, थोडं आधी शोधा.

फसवणारी एक जागा तर कायमची आहे. चारपैकी एका सिलिंडरचा स्पार्क गेला तर त्यातली हवा न जळता सगळीच्या सगळी पाइपात येते, पेट्रोलही येतं, पण सेन्सरला मुख्यतः ऑक्सिजन दिसतो. गेज म्हणतो लीन. पेट्रोल वाढवलं की ओला झालेला प्लग आणखी ओला होतो. गाडी अडखळत असेल आणि गेज लीन म्हणत असेल, तर आधी कॉइल आणि प्लग बघा, मॅप नंतर. मोठे कॅम लावलेल्या गाडीत आयडलला असंच काहीसं होतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिल्याने ताजी हवा सरळ पाइपात निसटते. तिथे आकड्यामागे लागू नका, इंजिन ज्या आकड्यावर शांत चालतं तो धरा.

तपासणी डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर) करावी हे उत्तम. तिथे जायच्या आधी मधल्या लोडचा अंदाज घ्यायला कसारा घाट चांगला आहे. वेगमर्यादेत राहूनही चढावर इंजिनावर सलग ताण असतो आणि लॉगमध्ये तेच भाग भरतात जे सपाट गंगापूर रोडवर कधीच येत नाहीत. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे द्या. गेज बघत घाट चढणारा माणूस आणि त्याच्यासमोरचा ट्रक, दोघांवरही दया करा. पूर्ण बूस्टचा लॉग मात्र सार्वजनिक रस्त्यावर काढायचा नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. दाब मोजणारा सेन्सर असलेला ईसीयू हे सांभाळून घेतो. पण जुनी कार्ब्युरेटरची गाडी मुंबईत लावून आणली तर इथे ती किंचित रिच चालते, आणि वाइडबँड ते स्पष्ट दाखवतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. त्यामुळे टर्बो किट आणि कॅट काढणं या गोष्टी ट्रॅकच्या गाडीपुरत्याच ठेवा. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा १ च्या ०.०३ आत असावा असा निकष आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी तुम्ही एवढा खटाटोप केला, तोच तिथेही बघायचा असतो.

हा सेन्सर कायम टिकणारी वस्तू नाही. ऑइल खाणाऱ्या इंजिनात तो लवकर जातो, आणि शिसं असलेलं रेसिंगचं पेट्रोल वापरलंत तर फारच लवकर. थ्रॉटल झटकन सोडला-दाबला तरी आकडा सुस्तावल्यासारखा हलत असेल तर नवा घ्या, आणि तो खात्रीच्या दुकानातूनच घ्या, कारण डुप्लिकेट भरपूर आहेत. ट्यूनिंग झालं, मॅप बसला आणि रोज लॉग काढायचा नसेल तर सेन्सर काढून ठेवला तरी चालतं. मोकळ्या बंगात वॉशर टाकून एम१८ चा बोल्ट आवळून ठेवा, आट्यांना ग्रीस लावून. नाहीतर पुढच्या वेळी तो बोल्ट काढायला पुन्हा अंबड गाठावं लागेल.